पाणी महाल पाण्याखाली नाही

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यावर गर्दी लोटते ती नर-मादी धबधबा पाहायला. परत जाताना निम्मे लोक म्हणतात, "काय निसर्ग आहे!" गैरसमज इथूनच सुरू होतो. तुळजापूर तालुक्यातल्या या किल्ल्यात धबधब्यासाठी कुठलाही डोंगरकडा नाही. बोरी नदी अडवून बांधलेल्या दगडी बंधाऱ्याचे ते सांडवे आहेत, मुद्दाम ठेवलेले. हा बंधारा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613च्या सुमाराचा. मुख्य किल्ला आणि नदीपलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारी वाटही त्याच्याच माथ्यावरून जाते. त्यामुळे दाद द्यायची तर गवंड्यांना द्या.

पाणी महालाबद्दल तर काय वाट्टेल ते सांगतात. कोणी म्हणतं तो पाण्यात बुडालेला आहे, कोणी म्हणतं आत पाणी न येण्यामागे गुप्त विद्या आहे. खरं तर महाल बंधाऱ्याच्या पोटात आहे. माथ्यावरून अरुंद, अंधाऱ्या जिन्याने खाली उतरायचं. भिंतीला हात लावत गेलं की एकदम उजेड येतो आणि नक्षीदार कमानीच्या खिडक्यांशी आपण उभे असतो. पाठीमागे भिंतीपलीकडे तुंबलेली नदी, खिडकीबाहेर कोसळणारं पाणी, मधली खोली मात्र कोरडी. धबधबा सुरू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. विद्या आहेच, पण गुप्त नाही: भक्कम जाडीची दगडी भिंत, पाण्याला आखून दिलेली वाट आणि खिडक्या फक्त नदीच्या उताराकडच्या अंगाला.

हा निव्वळ ऐषारामाचा महाल होता, हेही अर्धंच खरं. शहाला गारवा हवा होताच, पण तुंबवलेलं पाणी वेढ्याच्या दिवसांत गडाची तहान भागवायचं आणि त्या बाजूने शत्रूची वाटही अडवायचं.

किल्ला नळ-दमयंतीतल्या नळराजाचा, ही दंतकथा. गोड आहे, राहू द्या. आज दिसणारी दगडी तटबंदी बहमनी आणि आदिलशाही काळात उभी राहिली. 'साहेबाने बांधला' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर असतो. 1853मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवल्यावर तो नळदुर्गला कारभार पाहायला आला आणि आत्मचरित्रात त्याने या किल्ल्याबद्दल लिहिलं. तोवर बंधाऱ्याला दोनशेहून अधिक पावसाळे होऊन गेले होते.

आणि शेवटचा गैरसमज, जो खिशाला लागतो: पाऊस पडला की धबधबा सुरू. तसं नाही. वरच्या अंगाला बोरी नदीवर आता नवं धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याशिवाय नर-मादी वाहत नाहीत, आणि कमी पावसाच्या वर्षी ते कोरडेच राहतात. तेव्हा सोलापूरहून गाडी काढण्याआधी आकाश बघू नका, बोरी धरण भरलं का ते विचारा.