चार ठोके आपले, चार त्यांचे

जून संपता संपता आमच्या भुशीत पाऊस असा लागतो, की घरात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. धरणाच्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी भिजत असते आणि आम्ही गावातले लोक पत्र्याखाली बसून असतो. अशाच एका रविवारी माझ्या दहा वर्षांच्या नातवाने आपल्या मामूच्या कपाटातून एक जुने यंत्र शोधून काढले. दोन हातांत मावेल एवढे, मध्ये पडदा, उजवीकडे चार बटणे. नाव 'प्लेस्टेशन पोर्टेबल'. सोनी कंपनीने ते २००४ मध्ये जपानमध्ये आणले. आता ते तयार होत नाही; आमचे मात्र अजून चालते.

त्यात 'पातापोन' नावाचा खेळ होता. हिरोयुकी कोतानी यांनी रचलेला हा खेळ २००७ च्या डिसेंबरात जपानमध्ये निघाला. त्यात एका डोळ्याच्या चिमुकल्या सैनिकांची टोळी असते. तिला ढोल वाजवून हुकूम द्यावा लागतो. चौकोनाचे बटण म्हणजे 'पाता', वर्तुळाचे 'पोन', त्रिकोणाचे 'चाका' आणि फुलीचे 'डोन'. तबल्याचे बोल असतात, तसेच हे बोल. 'पाता पाता पाता पोन' वाजले की टोळी पुढे चालते. 'पोन पोन पाता पोन' म्हणजे हल्ला, 'चाका चाका पाता पोन' म्हणजे बचाव. 'डोन' पाऊस पाडण्यासारख्या चमत्कारांच्या कामी येतो. भुशीत त्याची काय गरज! खेळणाऱ्याला ही टोळी देव मानते. मी नातवाला म्हटले, "बाबा, मला आपला ढोलकीवालाच राहू दे."

खेळाची खुबी पुढे आहे. चार ठोके आपण वाजवायचे आणि चार ठोके थांबायचे. त्या चारांत टोळी तेच बोल म्हणते आणि हुकूम पाळते. मग पुन्हा चार आपले. आठ मात्रांचा केरवाच समजा. पाचव्या मात्रेला, खालीवर, आपले हात मोकळे. आवर्तने न चुकता जोडत गेले की टोळीला उत्साहाचे भरते येते. एक चूक झाली की सारे थंड.

मी अनेक वर्षे मात्रा मोजून कविता लिहितो. तरी पहिल्या पाच मिनिटांत माझी टोळी तीनदा गारद झाली. नातू म्हणाला, "नाना, तुम्ही घाई करताय. त्यांचं म्हणणं संपू तरी द्या!"

ही घाई माझ्या एकट्याची नव्हे. ठोका ऐकून मग बोट हलवले, तर उशीरच होणार. म्हणून मेंदू पुढच्या ठोक्याचा आधीच अंदाज बांधतो. ठरावीक अंतराने पडणाऱ्या ठोक्यांबरोबर बोट आपटायला सांगितले, तर बहुतेक माणसे किंचित आधी आपटतात आणि त्यांना ते कळतही नाही. शास्त्रज्ञांनी हे अनेकदा मोजले आहे. वाजवण्याची तालीम झालेल्यांत हा फरक कमी असतो. शिवाय ताल डोळ्यांपेक्षा कानांना नीट कळतो. या खेळात पडद्याची चौकट ठोक्यागणिक उजळते. पावसात आवाज बुडाला तेव्हा मी चौकटीकडे पाहून वाजवू लागलो आणि जास्तच चुकलो. शेवटी इअरफोनचे एक टोक नातवाच्या कानात, एक माझ्या. तेव्हा जमले.

त्या वेळी वडील आठवले. भुशीचे धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेले. वडीलही घाटात रुळांच्या कामावर होते. रूळ सरकवताना मुकादम आरोळी देई, टोळी जबाब देई आणि जबाबाच्या शेवटच्या अक्षरावर सगळ्या पहारी एकदम जोर घेत. लहानपणी मला ते गाणेच वाटे. एकदा कुणीतरी अर्धा ठोका आधी जोर लावला आणि वडिलांचे एक बोट कायमचे गेले. त्या माणसाला ते कधी बोलले नाहीत. मला मात्र सांगत, "म्हणताना चुकलं तर चालेल, थांबताना चुकू नको."

खेळात चुकलेली टोळी पुन्हा उभी राहते, एवढाच फरक. म्हणून मुलांच्या हातातल्या अशा खेळाला सरसकट वाया गेलेला वेळ म्हणण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहावे.

संध्याकाळी पाऊस ओसरला आणि माझी टोळी पहिला टप्पा पार करून गेली. मी पुढचा सुरू करणार, तोच नातवाने यंत्र काढून घेतले. म्हणाला, "आता माझी पाळी. तुम्ही थांबा, नाना."