नमुन्यांचा वाद्यवृंद

सोळा पहिली व्हायोलिने, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो आणि आठ डबल बेस ही पाश्चात्त्य पद्धतीच्या पूर्ण वाद्यवृंदातील केवळ तंतुवाद्यांची रूढ शिरगणती आहे. तीत बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि तालवाद्ये मिळविली म्हणजे जो लवाजमा सिद्ध होतो, तो पुणे जिल्ह्यातील नाणे मावळातल्या वडिवळ्यासारख्या गावी, जेथे आषाढ-श्रावणात पावसापुढे शेजारची हाकही ऐकू येऊ नये, कधी येऊन बसेल अशी कल्पना कोणी केली नसेल. आज त्याच गावातल्या एखाद्या खोलीत, बेताचा संगणक, कानांवर हेडफोन आणि समोर लहानसा कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर होतकरू संगीतकार त्या सबंध लवाजम्यासाठी लिहू शकतो आणि लिहिलेले तत्क्षणी ऐकू शकतो. या ऐकू येणाऱ्या मसुद्याला व्यवसायात मॉकअप म्हणतात. तो खरा वाटणे न वाटणे यंत्राच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. करणाऱ्याला जिवंत वादकाचा हात, श्वास आणि त्याची बसण्याची जागा किती ठाऊक आहे, यावरच ते ठरते, असे माझे मत आहे.

पूर्वी ही सोय नव्हती. संगीत कागदावर उतरवायचे आणि त्याचा नाद मनातल्या मनात ऐकायचा, हीच तालीम होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही विद्या आणली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत, आणि त्या शाळांतून निघालेली माणसे पुढे मुंबईच्या स्टुडिओंत वादक व संगीत संयोजक म्हणून रुजू झाली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे उभे असलेले सेबॅस्टियन डिसूझा, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा प्रयोग सादर केला, हे त्या परंपरेचे ठळक दाखले होत. मराठी मंडळींत प्रभाकर जोग आणि अनिल मोहिले ही नावे याच पंक्तीतली. दोन बासऱ्यांखाली हॉर्न ठेवला तर काय ऐकू येईल, हे या मंडळींना वाजवून पाहावे लागत नसे. वर्षानुवर्षे वादकांच्या शेजारी बसून त्यांचा कानच तसा तयार झालेला होता. पुढे सिंथेसायझर आणि एकेका वाद्याचे सुटे ध्वनिमुद्रण आले, आणि स्टुडिओंची ती भरलेली दालने ओस पडली. ही हानी मोठी आहे, आणि आजच्या साधनांचे गुणगान करताना तिचा विसर पडणे मला उचित वाटत नाही.

आजचा मॉकअप वाजतो तो नमुन्यांवर, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधीच मुद्रित करून ठेवलेल्या स्वरांवर. या नमुन्यांचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. इंग्लंडात 1963 साली बाजारात आलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे, आणि त्यावरील स्वर जेमतेम आठ सेकंद टिके. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातून फेअरलाइट हे वाद्य आले आणि ध्वनी फितीवरून अंकांत गेला. 1983 मध्ये मिडी हा सर्वमान्य संकेत ठरला व निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांचे ऐकू लागली. तरी संगणकाच्या तोकड्या स्मृतीत दीर्घ स्वर मावत नव्हते. ती अडचण 1998 च्या गिगासॅम्प्लर या आज्ञावलीने दूर केली. ध्वनीचा आरंभ तेवढा स्मृतीत आणि उरलेला थेट हार्ड डिस्कवरून, अशी त्याची तजवीज होती. पण खरा पालट घडला तो व्हिएन्नात. हर्ब टुकमांडल हे स्वतः चेलोवादक. सन 2000 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीत सुटे स्वर तर मुद्रित केलेच, शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गज आणि बोटे जो मधला आवाज करतात, तोही प्रत्येक अंतरासाठी वेगळा मुद्रित करून ठेवला. स्वरांच्या मधल्या जागेतच वादन असते, हे जाणणारा वादकच असे काम हाती घेऊ शकतो.

संगणकावर स्वरलेखन करण्याच्या आज्ञावल्यांत 1988 मध्ये फिनाले, 1993 मध्ये फिन या जुळ्या भावांचे सिबेलियस आणि 2016 मध्ये डोरिको असा क्रम लागतो. यांपैकी फिनालेचा कारभार 2024 च्या ऑगस्टात कंपनीने आटोपता घेतला. मावळातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र म्यूजस्कोर अधिक मोलाचे, कारण ते विनामूल्य आहे आणि 2022 अखेरच्या आवृत्तीपासून त्याच्यासाठी वाद्यवृंदाचे चांगले नमुनेही मोफत मिळतात. स्वीडनच्या अर्ने वालांडर यांचे, असे स्वरलेखन वाजवून दाखविणारे नोटपरफॉर्मर पुढचे सुमारे एक सेकंदाचे संगीत आधी वाचून मग वाजविते, म्हणून त्याचे वाक्य सहसा तुटत नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका ओळीवरून पाहावे. पहिल्या व्हायोलिनांसाठी संथ चढत जाणारी आणि शेवटच्या स्वरावर विसावणारी एक ओळ लिहिली व वाजविण्याचा हुकूम दिला, म्हणजे प्रत्येक स्वर ठरल्या क्षणी, ठरल्या जोराने, मापून घेतल्यासारखा वाजतो, आणि तेवढ्यानेच तो खोटा ठरतो. म्हणून प्रथम गजाची जात ठरवावी लागते: जोडून ओढलेला, उसळता, कंपित की बोटाने छेडलेला, कारण या प्रत्येकाचे मुद्रण स्वतंत्र असते. मग कीबोर्डवरचे मॉड्युलेशनचे चाक. मृदू वाजविलेले व्हायोलिन आणि जोराने वाजविलेले व्हायोलिन यांत केवळ मोठेपणाचा फरक नसतो, नादाचा रंगच निराळा असतो. ते चाक फिरवीत आपण एका मुद्रणातून दुसऱ्यात उतरत असतो, आणि ती हालचाल उंदराने रेषा ओढून करण्यापेक्षा ओळ तोंडाने गात गात हाताने करावी, कारण गाणाऱ्याचा श्वास जेथे संपतो तेथेच बहुधा गजही वळतो. त्यातही संथ गजाचा स्वर फुलायला वेळ घेतो. तो बरोबर मात्रेवर ठेवला तर कानाला मागे पडल्यासारखा लागतो, म्हणून सबंध ओळ दशांश सेकंदाने, कधी त्याहूनही अधिक, अलीकडे सरकवावी लागते. तोच स्वर पाठोपाठ आला तर तेच मुद्रण पुन्हा वाजून बंदुकीच्या फैरीसारखा खडखडाट होतो. त्यावर उपाय म्हणून एकाच स्वराची अनेक मुद्रणे आळीपाळीने वाजविण्याची योजना असते. असे सरकविलेले, एकमेकांवर चढविलेले स्वर वादकांसाठी छापता येत नाहीत. यासाठी एक प्रत कानासाठी आणि एक स्वच्छ प्रत वादकासाठी, असे दोन दस्तऐवज आरंभापासून वेगळे ठेवणे हिताचे.

तोल हे दुसरे अवघड प्रकरण. संगणकावर एकट्या बासरीचा मंद्र स्वर तीन ट्रॉम्बोनांवर सहज मात करतो. प्रत्यक्षात तो कोणाला ऐकूही येत नाही. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी आपल्या वाद्यवृंदरचनेवरील ग्रंथात हिशेब देऊन ठेवला आहे, की जोराच्या वादनात एक ट्रंपेट म्हणजे दोन हॉर्न, म्हणजेच चार काष्ठवाद्ये. हा हिशेब नवशिक्याने भिंतीवर लिहून ठेवावा. सोळा व्हायोलिनांच्या नमुन्यावर तीन स्वरांचा मेळ एकदम दाबला, तर अठ्ठेचाळीस वादक वाजवू लागतात, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही.

राहता राहिली जागा. व्हिएन्नाकरांनी आपले नमुने मुद्दाम निःशब्द, कोरड्या दालनात घेतले. लंडनच्या स्पिटफायर कंपनीने हॅम्पस्टेडच्या एका जुन्या चर्चमध्ये, जवळचे, मधले आणि दूरचे मायक्रोफोन मांडून, वास्तूच्या प्रतिध्वनीसकट घेतले. कोरड्या नमुन्याला वास्तू द्यायची तर त्या वास्तूत खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक स्वर वाजवून, तिने परत दिलेला नाद टिपून घेतात, आणि गणिताने तो प्रत्येक स्वरावर चढवितात. वडिवळ्याच्या रहिवाशाला अशी वास्तू शोधायला लांब जावे लागत नाही. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद असलेला कार्ल्याचा चैत्य, छताला प्राचीन लाकडी फासळ्या असलेला, तेथून जवळच आहे. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन कार्ल्याचा नाद असा टिपला, तर तो जगातील कोणत्याही सभागृहाच्या पंक्तीला बसेल, असा मला विश्वास वाटतो.

मसुद्यापासून जिवंत वादनापर्यंतचा मराठीतला सर्वांत लक्षणीय प्रवास म्हणजे 2016 चा ‘सैराट’. अजय-अतुल हे बंधू पुणे जिल्ह्यातल्याच गावांतून, महसूल खात्यातील वडिलांच्या बदल्यांबरोबर फिरत वाढले. संगीताचे औपचारिक शिक्षण त्यांना लाभले नव्हते. आणि त्यांनी या चित्रपटाचा वाद्यवृंद लॉस एंजेलिस येथील सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. अशा ठिकाणी वादक पुढ्यातला कागद प्रथमच पाहून वाजवितात आणि दालनाचे भाडे तासावर चालते. तेथे स्वरलेखनातली एक चूक साऱ्यांना ताटकळत ठेवते. ती चूक घरीच सापडावी, एवढ्यासाठी जरी मॉकअप केला तरी त्याचे श्रम वसूल झाले.

एक उणीव मात्र या सगळ्या संचांत खटकते. त्यांतील स्वर पाश्चात्त्य समविभागी सप्तकाचे, आणि स्वरांमधील जोड व्हायोलिनच्या त्या परंपरेतले. आपली मींड, आपले आंदोलन त्यांत नाही, आणि स्वर वरखाली सरकविणाऱ्या पिच बेंडच्या चाकाने ते ओढूनताणून आणले तर रागाची कळा जाते. भारतीय वाद्यांचे संच मिळतात, परंतु व्हिएन्नात एकेका व्हायोलिनवर जितकी मेहनत घेतली गेली, तितकी आपल्या सनईवर, संबळावर, हलगीवर, चौंडक्यावर कोणीतरी घ्यायला हवी. कार्ल्याच्या एकवीरेच्या डोंगराखाली, मावळच्या जत्रांत ही वाद्ये वाजविणारे हात अजून आहेत. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी, आणि ज्यांच्यापाशी मायक्रोफोन व शांत खोली आहे अशा तरुणांनी, हे काम आताच हाती घ्यावे. मात्र वादकाची संमती, त्याचे नाव आणि त्याचे मानधन लेखी नोंदवूनच पहिला स्वर मुद्रित करावा.