फ्रान्यो बुचार : इतिहासाचे अभ्यासक, फुटबॉलचे प्रसारक

क्रोएशिया हा बहुसंख्य कॅथोलिक लोकवस्तीचा छोटासा देश. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत १९९८ आणि २०२२ साली त्याने तिसरे, तर २०१८ साली दुसरे स्थान पटकावले. त्या देशात या खेळाची मुळे रुजविणाऱ्यांत इतिहासाच्या एका शिक्षकाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचे नाव फ्रान्यो बुचार. त्यांचा परिचय वाचकांना करून द्यावा असे आम्हांस वाटले.

बुचार यांचा जन्म १८६६ साली झाग्रेब येथे झाला. झाग्रेब व व्हिएन्ना येथे त्यांनी इतिहास आणि भूगोल या विषयांचे अध्ययन केले. त्या काळी क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या अमलाखाली होता. १८९२ साली शिक्षण खात्याचे प्रमुख इझिदोर क्रशन्यावी यांनी या तरुण शिक्षकाला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासासाठी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे पाठविले. तेथून परतल्यावर १८९४ ते १८९६ या काळात बुचार यांनी झाग्रेबमध्ये व्यायामशिक्षकांसाठी अभ्यासवर्ग चालविला. त्यात कसरतींबरोबर फुटबॉलसारखे नवे खेळही शिकविले जात. शिकून गेलेले शिक्षक आपापल्या शाळेत हे खेळ घेऊन गेले. त्यापूर्वी रियेका आणि झुपान्या येथे कारखान्यांत काम करणारे इंग्रज लोक फुटबॉल खेळत असत. परंतु तो परक्यांचा खेळ होता. आता तो शाळेच्या पटांगणात आला. त्याला ‘नोगोमेत’ हे देशी नावही मिळाले. त्यांच्या भाषेत ‘नोगा’ म्हणजे पाय.

१९०३ साली झाग्रेबमध्ये पहिले फुटबॉल संघ स्थापन झाले. १९०९ साली क्रोएशियन क्रीडा संघटना उभी राहिली आणि बुचार तिचे अध्यक्ष झाले. स्वतःचे राज्य नसलेल्या लोकांना स्वतःच्या नावाने एकत्र येण्याची ती एक जागा होती. १९२० पासून मृत्यूपर्यंत ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य होते.

मात्र आम्हांला अधिक विचार करावयास लावते ते त्यांचे दुसरे कार्य. सोळाव्या शतकातील क्रोएशियन प्रोटेस्टंट साहित्याचा इतिहास त्यांनी १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जर्मनीतील उराख या गावी १५६१ ते १५६५ या काळात एक छापखाना चालला. स्तिपान कोन्झुल आणि आन्तुन दाल्मातिन यांनी तेथे नवा करार आपल्या लोकांच्या भाषेत, ग्लागोलित्सा या त्यांच्या प्राचीन लिपीत छापून घेतला. कॅथोलिक देशात ही पुस्तके दुर्मीळ होऊन बसली होती. पराभूत झालेल्या पक्षाची आठवण जपण्यात कोणाचे हित असते? बुचार यांनी ती चिकाटीने शोधली आणि त्यांची नोंद केली. समाजाच्या भाषेचा इतिहास लिहावयाचा, तर त्यातील एखादे प्रकरण गैरसोयीचे म्हणून गाळता येत नाही.

गंमत अशी की, या छापखान्याचे ग्लागोलित्सा खिळे पुढे रोमला पोहोचले आणि १६३१ साली राफाएल लेवाकोविच यांनी सिद्ध केलेला कॅथोलिक मिस्साग्रंथ त्याच लिपीत छापला गेला. त्या लिपीतील स्लाव्ह उपासनेस पोप इनोसंट चौथे यांनी १२४८ सालीच सेन्यच्या महागुरुस्वामींना अनुमती दिली होती. दुरावलेल्या बंधूंचे श्रम असे एकाच उपासनेच्या वाटेवर येऊन मिळाले.

बुचार यांचे निधन १९४६ साली झाले. क्रोएशियाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार १९९१ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. प्रतिस्पर्ध्याचा मान राखावा, हे मैदान शिकविते. तोच मान त्यांनी इतिहासाच्या पानांवरही राखला. आपल्या गावांचा व धर्मग्रामांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांनी त्यांचा हा गुण अवश्य घ्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते.