संगणकाची उष्णता आणि जमिनीचा गारवा

आज आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली संगणकावर केवळ अभ्यासच नव्हे, तर रोजगारही करू लागली आहेत. कोणी इमारतींचे आराखडे काढतो, कोणी चित्रफितींचे संपादन करतो. अशा कामाला साधा संगणक पुरत नाही. आईवडील पोटाला चिमटा काढून, हप्त्याने महागडे यंत्र घेऊन देतात. ते यंत्र टिनाच्या छपराखालच्या एकाच खोलीत मे महिन्याच्या उन्हाळ्यात चालवायचे असते, तेव्हा उष्णतेचा प्रश्न उभा राहतो.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने यावर एक उपाय केला. त्याचा संगणक पाण्याने थंड होणारा होता. त्याने अंगणात दोन फूट खोल चर खणून त्यात आठ मीटर नळी पुरली आणि संगणकातील गरम पाणी त्या नळीतून फिरवले. पहिले दोन दिवस यंत्र छान गार राहिले. आठवडाभरात मात्र ते पूर्वीइतकेच तापू लागले. मुलाची कल्पना चुकीची नव्हती, हिशेब अपुरा होता. तो हिशेब सर्वांना कळावा, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ३०० वॅट घेणारे यंत्र म्हणजे खोलीत आणखी तीन माणसे येऊन बसल्यासारखे होय. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकात प्रोसेसरवर धातूचा पोकळ ठोकळा बसवलेला असतो. त्यातून छोटा पंप पाणी फिरवतो, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन पंख्याच्या वाऱ्याने निवते. परंतु येथे उष्णता नाहीशी होत नाही, ती यंत्रातून निघून खोलीत येते. तेव्हा खरा प्रश्न यंत्राइतकाच खोलीत बसणाऱ्या माणसांचाही आहे.

आता जमिनीकडे वळू. विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार लागते, हा आपला नेहमीचा अनुभव. वास्तविक ते पाणी फारसे बदलत नाही, भोवतालची हवा बदलते. दिवस-रात्रीचा फरक जमिनीत अर्ध्या मीटरच्या आतच विरून जातो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तीन मीटरवर साधारण चौथाई उरतो आणि दहा मीटरच्या आसपास जवळजवळ संपतो. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. तेथे १७८३ साली लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने तयार केलेला तापमापक ठेवण्यात आला होता. तेथील तापमान बारा महिने सुमारे १२ अंशांवर स्थिर आढळले.

परंतु १२ अंश हे पॅरिसचे. खोल जमिनीचे तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असते. नागपूरची सरासरी सुमारे २७ अंश, म्हणून आपली जमीनही तेवढीच. माठातील पाणी हवेहूनही गार होते, कारण ते पाझरून वाफ होते. पुरलेल्या नळीला तो लाभ नाही. तरीही बाहेर ४३ अंश असताना २७ अंशांची जमीन ही मोठीच सोय आहे. शिवाय पाणी हवेपेक्षा फार गार झाले तर नळ्यांवर दव धरून यंत्र बिघडण्याचे भय असते. ते भय आपल्या उबदार जमिनीमुळे बरेच कमी होते.

मग त्या तरुणाचा उपाय का फसला? जमीन गार असली तरी ती उष्णता फार सावकाश वाहून नेते. नळीभोवतीची माती आधी तापते आणि तिची उष्णता पुढच्या मातीकडे हळूहळू जाते. ओली माती हे काम कोरड्या मातीच्या तीन-चार पट चांगले करते. ३०० वॅटचे यंत्र अखंड चालले आणि पाणी जमिनीपेक्षा दहाच अंश अधिक तापू द्यायचे असेल, तर दीड मीटर खोलीवर ओल्या मातीत २५ ते ३० मीटर नळी लागते. कोरड्या मातीत ती ८०-९० मीटरवर जाते. दिवसातून आठच तास काम असेल तर रात्री माती निवते आणि कमी नळीत भागते. त्यातही आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. नळी व माती यांत पोकळी पडली की उष्णता अडून बसते.

मोठ्या प्रमाणावर मात्र हे तत्त्व सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील पॉसी महासंगणक केंद्रात जमिनीखालचे सुमारे २१ अंशांचे पाणी वर आणून त्याला यंत्राची उष्णता दिली जाते आणि तेच पाणी पुन्हा भूगर्भात सोडले जाते. तेथे वाहते भूजल उष्णता पुढे नेते. घरासाठी बोअर खोदून पाणी उपसण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडील स्थिती सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे स्वतःचे अंगण आहे, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) चर दीड मीटर खोल, सावलीत आणि शक्यतो मोरीचे पाणी मुरते तेथे घ्यावा. नळीभोवती वाळू भरून ती ओली ठेवावी.

२) ठिबक सिंचनाची काळी नळी चालते. जमिनीत एकही जोड ठेवू नये. काळी माती फुगते-आकसते आणि जोड निखळतो.

३) संगणकातील पाणी व जमिनीतील पाणी वेगळे ठेवावे. मध्ये उष्णता देवाणघेवाण करणारी पट्ट्यांची पेटी बसवावी. त्यात काही अंश वाया जातात, पण गाळ प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही.

४) एकाच पाण्यात तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आणू नये, धातू कुरतडला जातो.

५) यंत्राची वीज बंद ठेवून केवळ पंप एक दिवस चालवावा. जोडांखाली कागद ठेवावा. तो कोरडा राहिला तरच यंत्र सुरू करावे.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. रेडिएटर खिडकीबाहेर सावलीत टांगला तरी खोलीतील उष्णता बाहेर जाते. पाणी थोडे अधिक तापेल, पण प्रोसेसर ते सोसतो.

त्या तरुणाने पुढे दुसरा चर खणला, अधिक खोल आणि तीस मीटर नळीचा. त्या उन्हाळ्यात त्याची आई दुपारी त्याच खोलीत निजू शकली. पालकांनी अशा मुलांना "कशाला खणतोस?" असे म्हणून थांबवू नये. आधी कागदावर हिशेब मांडायला सांगावे, आणि मग कुदळ हाती द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.