काळ्या पेनाचा तपकिरी रंग

बाबासाहेबांच्या पुतळ्यांत कोटाच्या खिशाला पेन असतेच. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांच्या सामानातूनही एखादे जुने शाईचे पेन आलेले असते. घराण्यात प्रथम मॅट्रिक झालेल्या आजोबांचे, अंगावर त्यांचे नाव कोरलेले. अशी काळी पेने पुष्कळदा एबोनाइटची असतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक मिसळून, तापवून कडक केलेले रबर. नेल्सन गुडइयर यांनी 1851 साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. प्रकाश आणि ओलावा यांमुळे त्याच्या पृष्ठभागाचे रासायनिक बंध तुटतात, गंधकाची आम्ले तयार होतात आणि काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो. येथील ऊन अतिनील किरणांसाठी कुख्यातच. खिडकीजवळच्या टेबलावर पेन ठेवणे म्हणजे ही झीज ओढवून घेणे होय.

असे पेन पाण्यात भिजत घालू नये. गरम पाण्याने तर रंग झपाट्याने उतरतो. निब व जीभ थंड पाण्याने धुवावी, बाकीचे अंग मऊ सुती कापडाने कोरडे पुसावे. पितळी भांड्यांची पावडर सोनेरी क्लिपला चोळण्याचा मोह टाळावा. मुलामा फार पातळ असतो.

मूळ काळेपणा परत आणायचा तर वरचा थर अतिशय बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. त्यात कोरलेली अक्षरेही उथळ होतात, प्रसंगी पुसली जातात. माझ्या मते नावाच्या भागाला हात लावूच नये. तेवढा तपकिरी राहू द्यावा, आणि पेन कोरड्या, अंधाऱ्या खणात ठेवावे.