चुकलेल्या उत्तरानंतरचे बोलणे

फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्हा संशोधकांना शाळांमधून बोलावणी येतात. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एका तालुक्याच्या गावी गेले होते. सातवीचा वर्ग होता. टेबलावर बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला ठेवला. थोड्याच वेळात पेल्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमले. मी विचारले, ‘‘हे पाणी कुठून आलं?’’

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘पेल्यातून पाझरलं.’’

‘‘नाही. दुसरं कोण सांगेल?’’ मी म्हणाले. पुढच्या बाकावरच्या मुलाने ‘हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन झाले’ हे पुस्तकातले वाक्य घडाघडा म्हटले. मी त्याला शाबासकी दिली आणि पुढच्या प्रयोगाकडे वळले.

चहाच्या वेळी त्या वर्गाच्या विज्ञानाच्या बाई जरा संकोचतच म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती मुलगी एरवी वर्गात बोलतच नाही. आज पहिल्यांदा आपणहून उठली होती. आणि आमच्याकडे घरोघरी माठ असतो. माठ पाझरतोच की!’’

मला काय बोलावे ते सुचेना. प्रयोगशाळेत एखाद्या सहकाऱ्याने अनपेक्षित निष्कर्ष सांगितला, तर माझा पहिला प्रश्न ‘कशावरून?’ हा असतो. त्या मुलीला मी तो विचारलाच नव्हता.

तिचे उत्तर चुकले होते. पण ते निराधार नव्हते. माठाच्या भाजलेल्या मातीत अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि माठ बाहेरून ओला होतो. पेलाही बाहेरून ओला झाला होता. ओळखीच्या अनुभवावरून अनोळखी घटनेचा अर्थ तिने लावला. विज्ञानातही सुरुवात पुष्कळदा अशीच होते. उलट, ‘बरोबर’ उत्तर देणाऱ्या मुलाला सांद्रीभवन समजले होते की नुसते पाठ होते, हे कळायला मला काहीच मार्ग नव्हता. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात दोघांपैकी एकाच्याही मनात काय चालले आहे, याचा मला पत्ता लागला नाही.

प्रश्न, उत्तर आणि निकाल

आपल्या वर्गांतील बरेचसे बोलणे तीन पायऱ्यांचे असते. शिक्षक प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तर देतो आणि शिक्षक ते बरोबर की चूक याचा निकाल देतात. उजळणीसाठी ही पद्धत सोयीची आहे. पण तिच्यात विचार करायला जागा फार थोडी असते. किती थोडी, हे एका संशोधिकेने चक्क सेकंदांत मोजले आहे.

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांमधील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून त्यांतील शांततेचा काळ मोजला. त्यांचा याविषयीचा महत्त्वाचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी एक सेकंदच पाहत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर प्रश्न पुन्हा विचारला जाई किंवा दुसऱ्या मुलाला उभे केले जाई. मुलाने उत्तर दिल्यावर शिक्षक जेमतेम तेवढाच वेळ थांबत आणि लगेच बोलू लागत. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या मुलांना शिक्षक हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबत; ज्यांना अधिक वेळेची गरज, त्यांनाच तो कमी मिळे.

मग रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी, म्हणजे प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही, तीन सेकंद किंवा अधिक थांबण्याचा सराव दिला. मुलांची उत्तरे लांब झाली. ‘माहीत नाही’ किंवा गप्प राहणे कमी झाले. मुले कारणे देऊ लागली, एकमेकांच्या म्हणण्याची तुलना करू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. मागे राहणारी मुलेही बोलू लागली आणि त्यांच्याविषयीचे शिक्षकांचे मत बदलू लागले.

दोन्ही थांब्यांपैकी दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूल बोलून थांबते तेव्हा त्याचे वाक्य संपलेले असते, विचार संपलेला नसतो. तीन सेकंद कोणी काही बोलले नाही, तर ते पुढे बोलते, ‘‘कारण आमचा माठ...’’ आणि नेमके तेच आपल्याला ऐकायचे असते.

बाईंचा तास

पुढच्या आठवड्यात बाईंनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि काय झाले ते मला सविस्तर पत्राने कळवले. या वेळी उत्तर आल्यावर त्यांनी बरोबर-चूक काहीच म्हटले नाही. ‘‘तुला असं का वाटतं?’’ एवढेच विचारले. मुलीने माठाचे कारण सांगितले. निम्म्या वर्गाने हात वर करून तिला पाठिंबा दिला! मग बाई म्हणाल्या, ‘‘शेजारच्याशी बोला. हे खरं की खोटं, कसं तपासाल?’’

एका जोडीने सुचवले, पेल्यातल्या पाण्यात शाई घालू; पाझरले तर थेंब निळे दिसतील. थेंब पांढरेच निघाले. प्रश्न सुटला असे बाईंना वाटले. तेवढ्यात त्या मुलीने शंका काढली, ‘‘पण शाई आतच गाळली गेली असेल तर?’’ शंका रास्त होती. गाळणीतून चहा खाली येतो आणि पत्ती वर राहते, हे सर्वांनी पाहिलेले असते.

बऱ्याच चर्चेनंतर वजनाची कल्पना निघाली. घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात बर्फ भरायचा, डबा बाहेरून कोरडा पुसून वजन करायचे आणि थेंब जमल्यावर, ते न पुसता, पुन्हा वजन करायचे. पाणी आतूनच बाहेर आले असेल, तर एकूण वजन वाढणार नाही. हवेतून आले असेल, तर वाढेल. एका मुलाच्या वडिलांचे सोन्याचांदीचे दुकान होते. त्यांच्या काट्यावर वजन केले आणि ते सव्वा ग्रॅमने वाढलेले निघाले.

आता सांद्रीभवन हा शब्द पाठ करण्याची गरज उरली नव्हती. शिवाय ‘शाई गाळली गेली असेल तर?’ या एका शंकेमुळे सगळा वर्ग अधिक चांगल्या प्रयोगापर्यंत पोहोचला होता. विज्ञानाची वाटचाल अशीच होते: कोणी म्हणणे मांडतो, दुसरा त्यातली फट दाखवतो, आणि ती बुजवण्यासाठी नवा प्रयोग करावा लागतो.

बोलल्याने समजते का?

मुले आपसात बोलतात तेव्हा समजते की हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उचलतात, ही शंका कोणत्याही अनुभवी शिक्षकाला येईल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या एका मोठ्या वर्गात ती तपासली गेली आणि निष्कर्ष २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. विद्यार्थ्यांनी आधी एका प्रश्नाचे उत्तर एकट्याने दिले. मग शेजाऱ्यांशी चर्चा करून त्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा दिले. बरोबर उत्तर कोणते, हे सांगितलेच नाही. त्यानंतर त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवायला दिला. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुरुवातीला ५२ टक्के होते. चर्चेनंतर ६८, आणि नव्या प्रश्नाला ७३ टक्के. नुसती नक्कल झाली असती, तर नव्या प्रश्नावर हे प्रमाण खाली यायला हवे होते.

कारण समजण्यासारखे आहे. दुसऱ्याला पटवायचे तर आपले म्हणणे क्रमाने मांडावे लागते, आणि मांडताना त्यातली भोके आपल्यालाच दिसू लागतात.

शिक्षकांचे आपसातले बोलणे

हे शिक्षकांनाही लागू आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. सहावी ते आठवीची मुले त्यात प्रयोग करून विज्ञान शिकत. त्याचा एक आधारस्तंभ म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठका. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, यावर तिथे मोकळेपणी बोलणे होई. मुलांना ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्र लिहून काहीही विचारता येई. ‘मला माहीत नाही’ असे शिक्षकाने सहकाऱ्यांसमोर म्हणणे जिथे चालते, तिथेच मूल ते वर्गात म्हणू धजते.

साठ मुलांचा वर्ग आणि पुरा करायचा अभ्यासक्रम, ही अडचण खरी आहे. प्रत्येक प्रश्नावर चर्चा शक्य नाही, आवश्यकही नाही. पण आठवड्यातून एक प्रश्न असा निवडता येईल, की ज्याची मुलांच्या अनुभवातून निदान दोन उत्तरे निघतात. तो विचारून मनात तीनपर्यंत मोजावे. उत्तर आल्यावर पुन्हा तीनपर्यंत मोजावे. निकाल देण्याआधी ‘कशावरून?’ विचारावे आणि दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलू द्यावे. आपलाच एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकला, तर आपण किती थांबतो हे कळेल. मी माझे एक व्याख्यान असे ऐकले; एक सेकंदही थांबले नव्हते.

बाईंच्या पत्राच्या शेवटी त्या मुलीचा नवा प्रश्न होता: ‘‘पेल्यावरचं पाणी हवेतून आलं. मग माठातून पाझरलेलं पाणी कुठे जातं?’’ ते बाष्प होऊन त्याच हवेत जाते, जाताना माठातील उष्णता घेऊन जाते, आणि म्हणून माठातले पाणी गार राहते. पण मी बाईंना लिहिले, हे तिला एवढ्यात सांगू नका. आधी तिला काय वाटते ते विचारा.