फर्माच्या हातून निसटलेले ६४१

४,२९,४९,६७,२९७. ही संख्या कशाने भागली जाईल? शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ आधीच बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ही गेला. ७, ११, १३ करून पाहा. कुणाचीच डाळ शिजत नाही. मग ही मूळ संख्या असेल का?

गणितज्ञ पिएर द फर्माला तसेच वाटले होते. १६४० च्या सुमारास त्याने एक सुरेख रांग मांडली. २ चा घात घ्यायचा, घातांक १, २, ४, ८, १६ असे दुप्पट करत जायचे आणि दरवेळी १ मिळवायचा. उत्तरे येतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ! ही रांग पुढेही अशीच चालणार, असा त्याचा होरा होता; सिद्धता मात्र नव्हती. सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, हीच आपली ४,२९,४९,६७,२९७.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरला याबद्दल विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर जाहीर केले: ६४१ × ६७,००,४१७.

गंमत पुढेच आहे. २ च्या घातांना या संख्येच्या एखाद्या मूळ भाजकाने भागत गेलो, तर ३२ व्या घाताला बाकी उणे १ उरते आणि ६४ व्या घाताला १. त्याआधी १ कधीच येत नाही. म्हणजे बाक्यांचे चक्र ६४ पावलांचे. फर्माचेच एक प्रमेय सांगते, की भाजकातून १ वजा केला तर उरलेल्या संख्येला या चक्राने निःशेष भाग जायलाच हवा. मग भाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येणार. अशा मूळ संख्या क्रमाने पाहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच निकाल! हत्यार फर्माच्या हातात होते, चालवले ऑयलरने.

६४१ चा भाग जातो, हे लांबलचक भागाकाराशिवायही दिसते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात; ६४१ ने भागल्यास बाकी उणे १. याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि बाकी १. पण ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ चालतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवला की शून्य.

६५,५३७ नंतर फर्माच्या रांगेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. घातांक २ चा ३३ वा घात असलेल्या संख्येत २५८ कोटींहून अधिक अंक आहेत आणि ती मूळ की संयुक्त, याचा निकाल लागायचा आहे. तरी एक गोष्ट आजच पक्की आहे: तिचा कोणताही मूळ भाजक १७,१७,९८,६९,१८४ च्या पटीत १ मिळवूनच येईल.